आधी टोला, मग हंडा

फार पूर्वी, घाटातून गाड्या जाऊ लागायच्या कितीतरी आधी, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक धर्मशाळा होती. ती दोन बहिणी चालवत. थोरली चुलीपाशी असे आणि धाकटी खडकावर. वडील गेल्यापासून दोघींचं असंच चाललं होतं, आणि दोघींना ते आवडतही होतं. रोज संध्याकाळी ओसरीवर नवी माणसं येत, पाय पसरून बसत आणि कुठल्या कुठल्या गावच्या गोष्टी सांगत. थोरली तर त्या गोष्टींवरच जगायची. भात जरा कमी मिळाला तरी तिला चाललं असतं, पण ओसरी मुकी राहिलेली चालली नसती.

डोंगर चढायला जवळजवळ अख्खा दिवस लागे. चढून आलेल्याला माथ्यावर पोचताच भाताशिवाय दुसरं काही सुचत नसे. म्हणून वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. धर्मशाळेच्या जरा खाली एक मोठा खडक होता. तिथून घाटाची शेवटची वळणं दिसत. खडकावर काशाची एक थाळी टांगलेली असे. दुपार कलली की धाकटी तिथे जाऊन बसायची. वळणावर एक माणूस दिसला की थाळीवर एक टोला, दोन दिसले की दोन. वर चुलीपाशी थोरली कान देऊन असायची.

एकही टोला वाजायच्या आधी ती हंड्यात चार मापं तांदूळ घालून ठेवी. त्यातली दोन दोघी बहिणींची, एकेक. उरलेली दोन कुणाची, तर जो खडकावरून दिसत नाही त्याची. मागच्या रानातून कधीतरी कुणी चुकलामाकला येतो, असं वडील म्हणायचे, आणि तो दिसला नाही म्हणून त्याला भूक कमी लागते थोडीच. नाहीच कुणी आलं, तर सकाळी बहिणींना फोडणीचा भात मिळायचा, त्याबद्दल दोघींची काही तक्रार नव्हती. या चार मापांनंतर मात्र दर टोल्याला दोन मापं. घाट चढून आलेला माणूस दोन मापांशिवाय पानावरून उठत नसे.

म्हणजे तीन टोले वाजले तर तीन दुणे सहा आणि आधीची चार मिळून दहा मापं. पाच वाजले तर चौदा. एकही वाजला नाही तर नुसती चार. थोरली कधी मनात पाढे म्हणत बसली नाही. टोला ऐकू आला की तिचा हात आपसूक दोनदा कोठीत जायचा.

मोठ्या वर्गात गेल्यावर हाच हंडा तुम्हाला वेष बदलून भेटेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. तिथे चढणाऱ्या माणसांना क्ष म्हणतात आणि हंड्यातल्या मापांना य, आणि य = २क्ष + ४ असं फळ्यावर लिहून गुरुजी तुमच्याकडे बघत राहतात. क्ष कुणाला विचारून येत नाही, म्हणून त्याला म्हणतात स्वतंत्र चल. य बिचारा क्ष किती आला ते बघून ठरतो, म्हणून तो अवलंबी चल. आमच्या थोरलीला ही नावं ठाऊक नव्हती, आणि तिचं जे चुकलं ते नावं ठाऊक असलेल्यांचंही चुकतं. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

हा तांदूळ यायचा पायथ्याच्या गावातून. सुगी झाली की गावकरी धर्मशाळेची कोठी भरून देत. ती पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची, एवढीच अट. मध्येच कोठीचा तळ दिसला तर चूल बंद, दाराला कुलूप, आणि दोघी बहिणींनी वेगवेगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन कोपऱ्यात राहायचं. आजवर असं कधी झालं नव्हतं, कारण हंडा नेहमी टोल्यांच्या मागून चालला होता.

एका वर्षी पावसाळा सरला आणि का कोण जाणे, माणसं कमी झाली. आधी रोजची आठ-दहा यायची, ती चार-पाचवर आली. मग दोन. मग एखाद्या दिवशी धाकटी खडकावर नुसतीच बसून परत यायची. माथ्यापलीकडून येऊन घाट उतरणारे लोक सकाळी धर्मशाळेवरून जात, पण ते घोटभर पाणी पिऊन भाकरीची गाठोडी घेऊन पुढे निघत. ते एकदा उतरले की या वाटेने परत येत नसत, एवढं मात्र धाकटीच्या लक्षात आलं होतं. थोरलीच्या लक्षात फक्त मुकी ओसरी येत होती.

एके दिवशी तिला ते सोसवेना. सोसाट्याचा वारा सुटला होता, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि कोपऱ्यात मोठा हंडा पालथा पडलेला होता. त्याच्याकडे बघून तिला भरून आलं. पूर्वी हा हंडा चढायचा, तेव्हा ओसरी कशी भरलेली असायची. तिने तो उचलला, घासला, चुलीवर चढवला आणि गळ्यापर्यंत तांदूळ घातले. कुणासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

आणि दिवेलागणीला दारात वऱ्हाड उभं राहिलं. नवरानवरी, वरमाय, वाजंत्री, पोरंटोरं, आणि पाण्याने भरलेली पखाल लादलेला एक बैल. ओसरी गजबजून गेली. भात सगळ्यांना पुरला, वर थोडा उरलाही. थोरलीचे डोळे आनंदाने वाहत होते.

धाकटी मागून धापा टाकत आली आणि म्हणाली, की टोले मारून मारून तिचा खांदा भरून आला. थोरलीने एकही टोला ऐकला नव्हता. वारा उलट्या दिशेने होता ना. तिच्या लेखी आधी हंडा चढला होता आणि मग माणसं आली होती. त्या रात्री ती झोपली ती एक नवंच सत्य उशाशी घेऊन. मोठा हंडा चढवला की माणसं येतात.

दुसऱ्या दिवसापासून रोज मोठा हंडा चढू लागला. धाकटीने आधी गंमत म्हणून बघितलं, मग समजावलं, मग भांडण काढलं. थोरलीचं एकच म्हणणं. हंडा मोठा असायचा तेव्हा गर्दी असायची, हे खरं की खोटं? खरं. हंडा लहान असायचा तेव्हा ओसरी रिकामी असायची, हे खरं की खोटं? तेही खरं. मग आता बोलायला काय उरलं?  दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, आणि तरी कुठेतरी गफलत होती. धाकटी रोज खडकावर बसून त्याचाच विचार करी.

एखाद्या दिवशी दोन-तीन माणसं येत, तेव्हा थोरली विजयी मुद्रेने धाकटीकडे बघे. कुणी आलं नाही की म्हणे, आज हंडा जरा कमीच भरला होता. उरलेला भात सकाळी माकडं खात. डोंगरावरच्या माकडांना इतके बरे दिवस पूर्वी कधी आले नव्हते. थंडी संपली, ऊन तापू लागलं, आणि एक दिवस कोठीत घातलेलं माप तळाला लागून खणकन वाजलं.

तो आवाज दोघींनी ऐकला. थोरलीचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. ती म्हणाली, आता तर हंडा आणखी मोठा हवा, म्हणजे माणसं येतील, गावकऱ्यांना ते कळेल आणि कोठी पुन्हा भरेल.

धाकटी या वेळी भांडली नाही. ती चुलीपाशी येऊन बसली.

“अक्का, तू म्हणतेस हंडा आणि माणसं जोडीनं चालतात. मला पटतं ते. मला एवढंच बघायचंय, की दोघांतलं पुढं कोण चालतं.”

“जोडीनं चालतात म्हटल्यावर पुढं कोण आणि मागं कोण, त्यानं काय होतंय?”

“मग हलवून बघू. एक दिवस तू मोठा हंडा चढव, एक दिवस लहान. मनाला येईल तसं, टोले न बघता. माणसं हंड्यामागनं येत असली, तर मोठ्याला जास्ती येतील, लहानाला कमी. मी खडकावरनं बघते.”

थोरलीला यात तिचं नुकसान काही दिसेना. उलट धाकटीचं तोंड कायमचं बंद होईल असं वाटून ती कबूल झाली.

पहिल्या दिवशी मोठा हंडा चढला. संध्याकाळपर्यंत एकच टोला वाजला, आणि आला तो माणूसही वाट चुकलेला होता. दुसऱ्या दिवशी थोरलीने मुद्दाम लहान भांड्यात चार मापं घातली आणि आज कुणी येणार नाही अशा खात्रीने ती पाय पसरून सुपारी कातरत बसली. तेवढ्यात टोला वाजला. मग दुसरा. तिसरा. चौथा. चौथा वाजेपर्यंत सुपारी बाजूला पडली होती, भांडं उतरलं होतं, जरा मोठं भांडं चुलीवर चढलं होतं, आणि थोरलीचा हात कोठीत जात होता, येत होता. आणखी आठ मापं पडली तेव्हाच तो थांबला.

धाकटी चार वाटसरूंना घेऊन वर आली, तेव्हा थोरली हातातल्या मापाकडे बघत उभी होती. माणसं हातपाय धुवायला गेली तशी धाकटी हळूच म्हणाली,

“अक्का, टोला ऐकला आणि तुझे हात हलले. इतके दिवस वर हंडा चढत होता, तेव्हा खाली कुणाचे पाय हलले का?”

 थोरलीने सगळ्यांना वाढलं, उष्टी काढली, चूल सारवली. धाकटी शेजारी येऊन बसली तेव्हा ती रडत होती.

“म्हणजे माझ्या हातात काहीच नाही? ते येतील तेव्हा मी रांधायचं, आणि नाही आले तर वाट बघत म्हातारी व्हायचं?”

“तुझ्या हातात आहे, पण ते हंड्यात नाही,” धाकटी म्हणाली. “हंडा माणसांच्या मागनं जातो. आता माणसं कशाच्या मागनं जातात, ते शोधायचं.”

“कशाच्या?”

“ते मलाही माहीत नाही अजून.”

हे म्हणताना धाकटीचे डोळे असे चमकत होते, की थोरलीला रडता रडता हसू आलं. कोठीचा तळ दिसायला लागला होता आणि हिला कोडं सापडल्याचा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी एकही टोला वाजला नाही. थोरली आता दुसऱ्या टोकाला गेली होती. माणूस नाही तर तांदूळ नाही, असं ठरवून तिने फक्त दोन मापं घातली, दोघींची. धाकटी खडकावरून आली, भांड्यात डोकावली आणि चमकली. आणखी दोन कुठे गेली, तिने विचारलं. थोरली म्हणाली, शून्य टोल्यांना शून्य मापं, तूच तर शिकवलंस.

धाकटीला हे पटेना. टोल्यांच्या मागून जी मापं येतात, ती आज शून्य, हे बरोबर. पण आधीची चार कधी टोल्यांच्या मागे गेलीच नव्हती. ती टोला वाजण्यापूर्वीच हंड्यात असायची. एक माणूस येवो, शंभर येवोत, कुणीच न येवो, ती चार तशीच. वडिलांनी ती वेगळी ठेवली, त्यामागे त्यांचं काही म्हणणं असेल.  थोरलीने जड हाताने आणखी दोन मापं टाकली.

भात शिजला आणि मागच्या रानातून काठी टेकत एक म्हातारा धनगर आला. त्याची एक मेंढी चुकली होती, तिला शोधता शोधता तो इतक्या वर आला होता. त्याला बघताच थोरलीने पान मांडलं. न दिसलेल्याच्या वाटणीची दोन मापं तिने त्याच्या पानात वाढली, आणि तो जेवताना तिला स्वतःलाच चार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने ओसरीवरून इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं,

“बायांनो, वाट मोडल्यावर बी चूल पेटती ठेवलीया तुमी?”

वाट कुठे मोडली, धाकटीने लगेच विचारलं.

“वाट हाय, पर घाटातला झरा न्हाई ऱ्हायला. सरत्या पावसात दरड आली, झऱ्याचं त्वांड बुजलं. पाण्याबिगर कोण चढंल उन्हाचं? समदी नदीकडनं वळसा मारून जात्यात.”

बहिणी माथ्यावरच्या टाक्याचं पाणी प्यायच्या. झरा खडकाच्याही खाली, वळणाआड. त्यांना तो वर्षानुवर्षं बघायचं कारणच पडलं नव्हतं. आणि अलीकडे तुरळक चढून आलेले या वाटेला नवखे होते, तिथे झरा होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं. धाकटी उठून उभी राहिली. तिला बैल आठवला होता. वऱ्हाड आलं होतं, पण येताना आपलं पाणी पखालीत भरून आलं होतं. उत्तर त्या दिवशी अंगणात येऊन, दावणीला उभं राहून, पेंढा खाऊन गेलं होतं, आणि दोघींनी हंड्याकडे बघत बसून त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

आता खरी पंचाईत पुढे होती. दरड उपसायला माणसं हवीत, आणि उन्हात दिवसभर खपणाऱ्या माणसांना जेवायला हवं. कोठीत उरलेलं धान्य काटकसर केली तर दोघींना कसंबसं पंधरा दिवस पुरलं असतं. माणसांना घातलं, तर एका दिवसात संपणार होतं. झरा मोकळा झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी चूल पेटायची नाही आणि धर्मशाळेला कुलूप लागायचं.

धाकटीने ठरवणं बहिणीवर सोडलं, कारण कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती. थोरली कोठीत वाकून बघून आली. मग म्हणाली,

“खाली गावात जा. येतील तेवढ्यांना घेऊन झऱ्यावर थांब. आणि किती आले ते वाजवून सांग. मी अंदाजानं रांधणार नाही आता.”

धाकटी पहाटेच उतरली. पायथ्याच्या लोकांनाही तो वळसा नकोसा झाला होता, पण आज कुणीतरी करेल, उद्या कुणीतरी करेल, म्हणून झरा तसाच पडून होता. कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच माणसं कुदळी, पहारी घेऊन निघाली. ती झऱ्याशी कामाला लागल्यावर धाकटी खडकावर चढली.

वर थोरली हंड्याजवळ बसली होती. मोठा हंडा घासून तयार होता, पण त्यात फक्त चार मापं होती. इतके दिवस टोल्याशिवाय भरलेला हंडा आज टोल्यासाठी थांबला होता. मग टोले वाजू लागले, आणि ती दर टोल्याला दोनदा कोठीत वाकू लागली. अकरा टोले वाजले. अकरा दुणे बावीस आणि आधीची चार, सव्वीस मापं. शेवटचं माप भरताना तिला कोठी हाताने खरवडावी लागली.

भात चुलीवर रटरटत होता तेव्हा ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. कुदळींचे आवाज येत होते. मध्येच ते थांबले. क्षणभर काहीच नाही. मग खालून माणसांचा एकच ओरडा उठला, आणि त्याच्या पाठोपाठ दगडांवरून पाणी धावल्याचा आवाज आला. थोरली पदर खोचून पानं मांडायला धावली.

त्या संध्याकाळी ओसरीवर अकरा माणसं चिखलाने माखून जेवायला बसली. म्हातारा धनगरही मेंढी सापडल्याचं सांगायला रानातून आला, आणि त्याच्यासाठी पान होतंच. तळाला भात फार उरला नाही आणि कमीही पडला नाही. रिकामी कोठी गावकऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली, पण कुलपाची गोष्ट कुणी काढली नाही. दोन दिवसांतच त्यातल्या प्रत्येकाच्या घरून एकेक पाटी तांदूळ वर आला, सुगीपर्यंतच्या बेगमीला.

झरा वाहू लागल्याची बातमी नदीकाठच्या वाटेवर पोचायला थोडे दिवस लागले. मग एका दुपारी दोन टोले वाजले, नंतर पाच, नंतर नऊ, आणि मोठा हंडा पुन्हा चुलीवर दिसू लागला, या वेळी माणसांच्या मागून.

पुढे कित्येक वर्षं धर्मशाळा चालली. अधूनमधून माणसं पुन्हा कमी व्हायची, कारण डोंगर म्हटला की दरड आली, झाडं पडली. तसं झालं की थोरली चार मापं हंड्यात टाकायची, चूल धाकटीच्या हवाली करायची, खांद्यावर कुदळ टाकायची आणि वाट बघायला खाली उतरायची.

तात्पर्य: दोन गोष्टी जोडीने चालताना दिसल्या, तर पुढे कोण आणि मागे कोण ते हलवून बघावं. मागच्याला कितीही फुगवलं तरी पुढचं जागचं हलत नाही.